बचतीला एकच भाव देणारे अर्थमंत्री

समाजवादी चळवळीत घडलेल्या नेत्याच्या हाती देशाची तिजोरी येण्याचे प्रसंग आपल्याकडे फार थोडे आले. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते यांनी १९ मार्च १९९० रोजी लोकसभेत केंद्रीय अर्थसंकल्प मांडला, तो असाच एक प्रसंग होता. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, देवगड हा सारा मुलूख त्यांच्या मतदारसंघात होता. कोकण रेल्वेचा विषय निघाला की तेथे आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र पगारदारांच्या प्राप्तिकरात त्यांनी जे मूलभूत परिवर्तन केले, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

दंडवते मूळचे अहमदनगरचे. २१ जानेवारी १९२४ हा त्यांचा जन्मदिवस. पदार्थविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भाग घेतला आणि १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व केले. वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅरिस्टर नाथ पै यांचे १८ जानेवारी १९७१ रोजी निधन झाले आणि राजापूरची जागा पोरकी झाली. त्याच वर्षी कोकणाने दंडवते यांना लोकसभेत पाठवले. पुढे सलग वीस वर्षे, पाच निवडणुकांत हा विश्वास टिकला.

आणीबाणीत त्यांना बंगळूरच्या तुरुंगात राहावे लागले. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होत्या. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील लाकडी फळ्यांवर गादी बसवण्याचा निर्णय त्यांचाच. त्याच वर्षी हावडा-मुंबई मार्गावर वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली. सवलत द्यायची तर ती खालच्या पायरीवरच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, ही त्यांची दृष्टी अर्थमंत्री झाल्यावरही बदलली नाही.

कोकणातील घराघरांतून एखादा तरी चाकरमानी मुंबईत असे. त्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल पेटे. शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी अशा पगारदारांचा प्राप्तिकर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. महागाईबरोबर भत्ता वाढे आणि खरी ऐपत न वाढताही माणूस कराच्या कक्षेत येई. दंडवते यांनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वार्षिक १८,००० रुपयांवरून २२,००० रुपयांवर नेली. २० टक्क्यांच्या सर्वांत खालच्या दराने हिशेब केला, तर या चार हजारांवर वर्षाला ८०० रुपये कर वाचत होता.

याहून महत्त्वाचा बदल बचतीवरील सवलतीचा होता. तोवर आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय बचत पत्रे यांत गुंतवलेल्या रकमेचा ठराविक भाग उत्पन्नातून वजा होई. पहिल्या सहा हजारांची तर पूर्ण वजावट मिळे. वरवर पाहता नियम सर्वांना सारखा होता, पण फळ सारखे नव्हते. सहा हजार रुपये बाजूला टाकणाऱ्या दोन करदात्यांपैकी ज्याच्या उत्पन्नावर ५० टक्क्यांचा सर्वोच्च दर लागे, त्याचे ३,००० रुपये वाचत. ज्याला २० टक्के दर लागे, त्याच्या पदरात १,२०० रुपये पडत. ज्याला बचत करणे अधिक कठीण, त्यालाच सरकारकडून कमी उत्तेजन मिळे.

दंडवते यांनी वजावटीची ही पद्धत बदलून प्राप्तिकर कायद्यात ८८ वे कलम आणले. बचतीची रक्कम आता उत्पन्नातून वजा न होता, तिच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी होऊ लागली. दर कोणताही असो, सहा हजारांच्या बचतीवर सर्वांना १,२०० रुपयेच मिळू लागले. सर्वसाधारण करदात्यासाठी ५० हजारांच्या बचतीवर १०,००० रुपये ही सवलतीची कमाल मर्यादा होती. वरच्या टप्प्यातील करदात्याला हा सौदा तोट्याचा वाटणे स्वाभाविक होते.

या सवलतीलाही सीमा होती. ज्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नव्हते, त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला किंवा शेतमजुराला तिचा उपयोग नव्हता. अशांसाठी रस्ता, रेल्वे आणि रोजगार हाच उपाय होता. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. केंद्र आणि चार राज्यांच्या भांडवलाला जनतेकडून रोख्यांद्वारे घेतलेल्या पैशाची जोड मिळाली. त्यात करमुक्त रोखेही होते. ज्या व्याजावरचा कर सरकारने सोडला, त्यातून कुडाळ-कणकवलीच्या रुळांना हातभार लागला.

त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. दहा हजार रुपयांपर्यंतची कृषी कर्जमाफी आणि वाढती तूट यांनी तिजोरीवर ताण आणल्याचा आक्षेप अर्थतज्ज्ञांनी घेतला. नोव्हेंबर १९९० मध्ये सरकार कोसळले आणि १९९१ च्या निवडणुकीत राजापूरकरांनीच दंडवते यांना पराभूत केले. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला.

योगायोग असा, की त्यांच्या निधनाच्याच वर्षी, २००५ च्या अर्थसंकल्पाने ८८ व्या कलमाची सवलत संपवली. ८० सी कलमाखाली उत्पन्नातून एक लाखापर्यंतची वजावट पुन्हा आली आणि २०१४ मध्ये ती मर्यादा दीड लाख झाली. त्याबरोबर जुनी विषमताही परतली. जुन्या करप्रणालीतील दीड लाखाच्या बचतीवर, उपकर बाजूला ठेवला, तर ३० टक्के दराच्या करदात्याचे ४५,००० रुपये वाचतात आणि ५ टक्के दराच्या करदात्याचे जेमतेम ७,५००. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तेथे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर शून्य केला, तो मात्र थेट करातून मिळणाऱ्या ६०,००० रुपयांपर्यंतच्या सवलतीने. विवरणपत्र भरताना सवलत उत्पन्नातून वजा होते की करातून, हे पाहिले म्हणजे तिचा खरा लाभ कोणाला, ते कळते. पदार्थविज्ञानाच्या या प्राध्यापकाने नेमका हाच हिशेब देशापुढे मांडला होता.