रेम्ब्रांच्या नावाचे घर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहिले ते चाळीसगाव स्टेशनाजवळचे एक घर. माझे माहेर चाळीसगावचे. लहानपणी मामाकडे धुळ्यास जावयाचे म्हणजे स्टेशनावर जाणे आले. त्या घराजवळ आले की आई माझा हात घट्ट धरी. आत बाबूजी राहतात आणि ते घराबाहेर पडत नाहीत, एवढेच ती सांगे. मला वाटे, ते कोणी वेडे असावेत.

बाबूजी म्हणजे केकी मूस. पारशी कुटुंबात २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईस त्यांचा जन्म झाला. वडिलांचा व्यवसाय चाळीसगावी होता. मुलाने तो पुढे चालवावा अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास नवल नाही. परंतु त्यांचे मन कलेत होते. त्यांनी विलायतेस कलेचे शिक्षण घेतले, आणि तिशी गाठण्यापूर्वीच ते चाळीसगावी परतले ते कायमचे. मग सुमारे पन्नास वर्षे ते त्या एकाच घरात राहिले. उंबरठा ओलांडून बाहेर पडल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. ३१ डिसेंबर १९८९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

घराला त्यांनी ‘रेम्ब्रांज् रिट्रीट’ असे नाव दिले होते. रिट्रीट म्हणजे एकांतस्थान. भगिनींनो, खानदेशातल्या घराला हॉलंडच्या चित्रकाराचे नाव का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडला होता. रेम्ब्रां हा लायडन गावच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. जन्म १६०६ चा, मृत्यू १६६९ चा. त्याच्या चित्रात उजेड एका बाजूने येतो, चेहऱ्यावर किंवा हातावर पडतो, आणि बाकीचे सारे काळोखात राहते. त्याच्या काळी त्या देशात टेबलावरची पावरोटी, अर्धे सोललेले लिंबू, कथलाची सुरई असल्या साध्या वस्तूंची चित्रे काढण्याचा मोठा प्रघात होता. त्यांना आपण स्थिरचित्रे म्हणतो. स्वतः रेम्ब्रांने तशी फार काढली नाहीत. पण १६५० साली एका शंखाचे चित्र त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरले, त्यात त्या एवढ्याशा शंखाभोवती केवढा तरी अंधार आहे!

मूस यांनी टेबल घेतले त्या स्थिरचित्रांचे आणि उजेड घेतला रेम्ब्रांचा, असे मला आपले वाटते. त्यांची खरी कीर्ती झाली ती टेबलटॉप छायाचित्रांनी. यात टेबलावर लहानसा देखावा मांडावयाचा आणि त्याचा फोटो असा घ्यावयाचा की पाहणाऱ्याला खरा डोंगर, खरी झोपडी, खरी पायवाट वाटावी. मिठाचा थर दिला की बर्फ होते, आरशाचा तुकडा ठेवला की तळे, वाळक्या काडीचे झाड. दिवा बाजूला, तोही बेताचा. कॅमेऱ्याचे छिद्र अगदी बारीक ठेवावे लागते, नाहीतर पुढची काडी स्पष्ट येते आणि मागचा डोंगर पुसट होतो. छिद्र बारीक म्हणजे उजेड थोडा. म्हणून फोटोला वेळ फार लागतो. तेवढ्यात धक्का लागला की सगळे फुकट. या छायाचित्रांना देशोदेशीच्या प्रदर्शनांतून तीनशेच्या घरात पारितोषिके मिळाली. याखेरीज ते चित्रे काढीत, शिल्पे करीत, कागदाच्या घड्यांच्या वस्तू बनवीत, आणि संगीताचा त्यांना मोठा नाद होता.

गावात मात्र सांगतात ती गोष्ट निराळीच. मुंबईची कोणी एक तरुणी गाडीने येईन म्हणाली होती, आणि बाबूजी रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडून तिची वाट पाहत. आमच्या आळीतल्या बायका ही गोष्ट डोळ्यांना पदर लावून सांगत. मला ती फारशी आवडत नाही. नुसती वाट पाहणाऱ्याच्या हातून एवढे काम होत नसते. शिवाय आपल्या आज्या-पणज्याही उभा जन्म उंबऱ्याच्या आतच राहिल्या; त्याची कोणी गोष्ट केली नाही, आणि त्यांच्यापुढे कोणी टेबलही ठेवले नाही. असो.

त्यांच्या पश्चात त्या घराचे कलादालन झाले. मी आत गेले ती तेव्हा, सासरहून माहेरी आले असताना. एका देखाव्यापुढे मी बराच वेळ उभी होते. रांगोळीची डबी, कानबाईपुढची मांडणी, दिवाळीला मुलांच्या किल्ल्यावर पेरलेले हळीव, हे सारे आपण दरसाल करतो आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकतो. ते झाडून टाकण्याआधी कोणी नीट पाहावे, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचले नव्हते. आईचा हात सोडवून लहानपणीच त्या दारात गेले असते, तर बाबूजींनी मला आत घेतले असते की काय, हेही मनात येऊन गेले.

त्यानंतरच्या श्रावणात कानबाईच्या आराशीवरचा मोठा बल्ब मी काढावयास लावला आणि एकच लहान दिवा डाव्या अंगाला ठेवला. सगळ्याजणी ओरडल्या, अहो ताई, काही दिसत नाही! मग थोड्या वेळाने देवीचा मुखवटा तेवढा उजळलेला दिसू लागला, तशा त्या हळूहळू गप्प झाल्या. बल्ब मात्र आरतीच्या वेळी पुन्हा लावावा लागला, कारण पोथीतले अक्षर कोणालाच लागेना.