सोन्नलिगेचा तलाव

संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरात सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या दर्शनास निघतात. ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते ते शिवयोगी सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. मुद्दगौड व सुग्गलादेवी यांचे हे पुत्र लहानपणी गुरे राखीत. मल्लिकार्जुनाच्या ओढीने ते श्रीशैलास गेले, आणि परतल्यावर सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर हीच त्यांची कायकभूमी झाली. तेथे त्यांनी लिंगे स्थापिली, तलाव खोदविला. गोरगरिबांची लग्ने एकत्र लावून दिली, असे परंपरा सांगते. तहानलेल्याला पाणी मिळावे, याहून साधी दया ती कोणती?

तलावाचे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी माती खणणारा वड्डर कोठे आहे, अशी सिद्धरामांची चौकशी केली. शिष्यांनी चिडून त्यांच्यावर दगड फेकले. सिद्धरामांनाही क्रोध आला. ही कथा शून्यसंपादनेत सविस्तर आहे. प्रभूंनी तलावाला नावे ठेवली नव्हती. हे मी केले, हा जो काटा आत रुतला होता त्यावर त्यांनी बोट ठेवले. शिष्यांचे काय चुकले? गुरूचा मान त्यांना राखायचा होता. परंतु परोपकारात अहंकार असाच दुसऱ्यांच्या हातून शिरतो.

सिद्धराम प्रभूंबरोबर कल्याणास गेले. तेथे चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा मिळाली, आणि पुढे शून्यसिंहासनही त्यांच्याकडे आले. अखेर ते सोन्नलिगेसच परतले. तलावाच्या मधोमध त्यांची समाधी आहे. नंदीध्वजांचा मान आज निरनिराळ्या समाजांकडे आहे. तलावाची माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.