तुकोबांचे रूप ल्यालेला गायक : विष्णुपंत पागनीस

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. देहूस इंद्रायणीच्या तीरी वैष्णवांचा मेळा जमला असेल; ज्यांना जाणे घडले नाही, त्यांनी घरीच तुकोबांच्या तसबिरीस हार घालून गाथेचे चार अभंग म्हटले असतील. डोळे मिटून तुकोबांचे ध्यान करू लागलो की आपणांपैकी अनेकांच्या मनश्चक्षूंपुढे एक सौम्य, प्रसन्न मुद्रा उभी राहते. ती मुद्रा पुष्कळदा एका नटाची असते. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस. आजच्या पुण्यदिनी त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

विष्णुपंतांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ रोजी चिकोडी येथे झाला. तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि गोड गळ्याचा, देखणा मुलगा दृष्टीस पडला की नाटक मंडळीची नजर त्याच्यावर जाई. विष्णुपंतही लहान वयातच स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि नायिकांच्या भूमिका करू लागले. लुगडे नेसून, दागिने लेवून, पदापदास टाळ्या घेत त्यांच्या उमेदीची वर्षे गेली.

परंतु स्त्रीभूमिकेचे वैभव वयाबरोबर ओसरते. पुढे विष्णुपंत रंगभूमीपासून दूर झाले आणि मुंबईत संगीताचे शिक्षक म्हणून राहिले. मुलांना गाणे शिकवावे, भजन करावे, असा त्यांचा क्रम झाला. सारंग रागात त्यांनी गायिलेले 'वंदे मातरम्' १९२८ साली ध्वनिमुद्रित झाले. रंगभूमीवरील टाळ्या मात्र मागे पडल्या होत्या. नाटकमंडळीतील कित्येक नटांच्या आयुष्याची अखेर अशाच विस्मृतीत झाली. विष्णुपंतांच्या बाबतीत तसे व्हावयाचे नव्हते.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' हा बोलपट काढावयाचे ठरविले. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेसाठी पागनीसांचे नाव पुढे आले, तेव्हा या दोघांना ती निवड प्रथम रुचली नव्हती. आयुष्यभर नायिका रंगविलेल्या नटाच्या हालचालींत जी नाजूक लकब उरते, ती देहूच्या वाण्यास शोभेल काय, अशी शंका येणे स्वाभाविकच होते. पण जे वैगुण्य वाटले तेच गुणास आले. त्या मृदुपणातून तुकोबांची निरहंकार वृत्ती प्रकट झाली, आणि भजनात मुरलेल्या गळ्याने उरलेले काम केले.

चित्रपटाच्या आरंभीचाच प्रसंग पाहावा. तुकोबा पांडुरंगाच्या ध्यानात गात बसले आहेत; तोच अभंग पुढे सालोमालो स्वतःचा म्हणून नाटकी ढंगात आळवतो. शब्द तेच, पण एकात देव आहे आणि दुसऱ्यात केवळ गाणाऱ्याचा मी. ज्या नटाने रंगभूमीवरची गायकी स्वतः आत्मसात केली होती, त्यानेच येथे तिचा सारा डौल बाजूस ठेवून साधेपणाने गावे, यास आम्ही मोठा संयम समजतो. केशवराव भोळे यांच्या संगीताने त्यास साथ दिली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले 'आधी बीज एकले' हे पद तर कित्येकांनी तुकोबांचाच अभंग मानले. गौरी यांनी उभी केलेली जिजाईही तितकीच अस्सल. संसाराचा भार वाहणारी ती फटकळ, मायाळू बाई आपल्या घरातलीच वाटते.

१९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा बोलपट लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. खेडोपाडीचे भाविक देवदर्शनास जावे तसे तो पाहावयास गेले. लोक विष्णुपंतांच्याही पायां पडत, असे सांगितले जाते.

त्यानंतर त्यांच्याकडे संतांच्याच भूमिका आल्या. १९३९ साली ते तुलसीदास झाले, १९४० साली नरसी भगत झाले, आणि १९४३ साली महात्मा विदुर. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची ५१ वर्षेही पुरी झाली नव्हती. तुकोबांची भूमिका केल्यावर त्यांस सात वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. पण तेवढ्या अवधीत नायिकेचा नट घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला.

येथे भाविकांनी एक विवेक अवश्य राखावा. नट तो नट आणि संत तो संत. केवळ वेष धारण केल्याने साधुत्व येत नाही, हे तुकोबांनीच आपणांस परोपरीने बजावले आहे. विष्णुपंतांची थोरवी वेषात नव्हती. गाताना स्वतःस मागे सारून त्यांनी तुकोबांना पुढे येऊ दिले, यात ती होती. भजनास बसणाऱ्या प्रत्येकाने हे मनी धरण्याजोगे आहे. टाळ वाजतो आहे, सूर लागतो आहे, पण त्यात आपले मीपण किती आणि विठ्ठल किती?

आज माध्यान्ही देहूस फुले उधळली जातील, तेव्हा आपणही घरी हात जोडू. डोळ्यांपुढे विष्णुपंतांचा चेहरा आला तर तो दूर सारण्याचे कारण नाही. मात्र तेथेच न थांबता गाथा उघडावी. त्या चेहऱ्याने आपणांस जेथवर पोहोचवावयाचे, ते स्थान तेच आहे.