महर्षी कर्वे आणि म्हातारपणाचा हिशेब

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की विधवाविवाह, स्त्रीशिक्षण आणि हिंगणे हे तीन शब्द आपोआप आठवतात. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी तेवढेच वाचले आणि परीक्षेत तेवढेच लिहिले. मला मात्र साठी ओलांडल्यानंतर त्यांच्या चरित्राकडे दुसऱ्याच बाजूने बघावेसे वाटू लागले. या माणसाला १०४ वर्षांचे आयुष्य मिळाले. जन्मभर जे मिळवले ते संस्थेला देणाऱ्या माणसाचे म्हातारपण कसे गेले? त्याच्या बायकोचे कसे गेले? आणि ज्या बायकांसाठी त्याने आश्रम काढला, त्यांच्या म्हातारपणाची सोय कोणी केली? पादऱ्यात आपल्या कितीतरी घरांतून आता दोघेच राहतात, काही घरांत तर एकटीच बाई. मुले बडोद्याला, पुण्याला, नाहीतर कॅनडात. म्हणून हे प्रश्न आपल्यालाही परके नाहीत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे आजोळी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेले. घर एकेकाळचे श्रीमंत, पण अण्णांच्या वेळेपर्यंत त्या श्रीमंतीच्या गोष्टीच तेवढ्या उरल्या होत्या. त्यातली एक गोष्ट आपण बडोदेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. कर्वे घराण्यातल्या एका पूर्वजाने गायकवाड सरकारला मोठी रक्कम कर्जाऊ दिली होती आणि ती परत आली नव्हती. पुढे अण्णा लहान असताना गायकवाडांकडून ब्राह्मणांना दहा दहा रुपये दक्षिणा मिळणार असल्याची बातमी मुरूडला पोचली. भाऊ आणि अण्णा जायला निघाले तेव्हा आई लक्ष्मीबाईंनी त्यांना अडवले. ज्या घराने गायकवाडांना कर्ज दिले, त्या घरातल्या मुलांनी तिथे दक्षिणेसाठी हात पसरायचा नाही, असा तिचा निश्चय होता. घरात तेव्हा खायची भ्रांत, पण बाई हलली नाही. दुसऱ्यासाठी दारोदार फिरून लाखो रुपये गोळा करणारा हा माणूस स्वतःसाठी मागताना कायम अवघडला, त्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते.

शिक्षणासाठी त्यांनी केलेले हाल प्रसिद्ध आहेत. परीक्षेसाठी भर पावसात मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले, म्हणजे वय २३. मुंबईला शिकवण्या करत ते १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली, मागे मुलगा रघुनाथ. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावणे आले.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. या बालविधवा. सासरी राबून, केशवपन सोसून मग पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्या हिंगण्याच्या बाया.

इथे जरा थांबतो. त्या काळच्या मराठी घरात म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा कोण करत असे? आपण म्हणतो एकत्र कुटुंब. पण एकत्र कुटुंबात पहाटे उठून पाणी तापवणे, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे करणे, सोवळ्यातला स्वयंपाक, बाळंतिणीची शेक-शेगडी, हे सगळे बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या विधवेच्या अंगावर असे. आत्या, काकू, थोरली वहिनी. पगार नाही, वाटणी नाही, सणावारी पुढे यायचे नाही. आपल्या आजी-पणजीच्या आठवणी काढल्या तर गायकवाडीत आलेल्या आपल्या घरांतूनही अशी एखादी लाल आलवणातली बाई सापडेल. जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तिचे नाव कोणी घेत नाही. आणि तीच बाई म्हातारी झाली की तिचे कोण करणार, याचे उत्तर त्या पद्धतीत नव्हते. भाच्याच्या मर्जीवर एक कोपरा आणि दोन वेळचे जेवण, तेही मिळाले तर. माझ्या मते कर्व्यांनी स्वतः तसे कधी म्हटले नसले तरी त्यांच्या कामाने वृद्धसेवेची ही फुकटची व्यवस्थाच हलवली.

लग्नाचे प्रायश्चित्त मात्र त्यांच्या म्हाताऱ्या आईला भोगावे लागले. मुरूडकरांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. धोंडोपंत घरी उतरले तर त्या घरावरही बहिष्कार. अण्णा गावाला गेले तरी स्वतःच्या घरात उतरायची सोय राहिली नाही. आई, थोरला भाऊ भिकाजी आणि बहीण गावातच राहणारी. त्यांना रोजचा शेजार, पाणवठा, लग्नकार्ये सांभाळायची होती. म्हातारपणी मुलाने जवळ असावे एवढीच जिची अपेक्षा, तिच्या दारात मुलाला येता येऊ नये! सुधारणेची किंमत सुधारक मोजतो असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती घरातले म्हातारे माणूस मोजते.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. पुण्यात प्लेगने कहर केल्यावर आश्रम गावाबाहेर न्यायचे ठरले आणि रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९०० साली तिथे झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसनला शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचे, असा अण्णांचा क्रम बराच काळ होता. आपल्यापैकी पुष्कळांना आज वृद्धाश्रम हा शब्द बोचतो. त्या काळी विधवांचा आश्रम हा शब्द लोकांना याहूनही जास्त बोचत असे. घरातली बाई आश्रमात पाठवणे म्हणजे घराण्याला बट्टा. तरीही बाया येत राहिल्या.

आश्रमात आलेल्यांत बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले होत्या. पदरी मुलगा असलेली विधवा. त्या शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या, वर्गणीसाठी देशभर हिंडल्या आणि इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला जाऊन घरकाम करत राहिल्या. १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई १९५५ पर्यंत जगल्या. जुन्या रीतीने त्यांचे म्हातारपण कोणाच्या तरी माजघरात गेले असते. प्रत्यक्षात ते आपण वाढवलेल्या संस्थेच्या छायेत, मानाने गेले. बँकेत असताना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहिल्या. निवृत्त शिक्षिका किंवा नर्स असलेली बाई पासबुक स्वतः उघडून तपासायची. ज्यांचे सगळे व्यवहार मुलगा किंवा पुतण्या बघायचा, त्यांना खात्यात किती आहेत हेही ठाऊक नसायचे. हा फरक शिक्षणाने आणि स्वतःच्या कमाईने पडतो, आणि म्हातारपणी तो जास्त दिसतो.

आता बायांची बाजू. अण्णांनी साठवलेले पैसे आश्रमाला दिले, आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, बायको आणि लहान मुले असताना असे करणाऱ्या खातेदाराला मी समोर बसवून चहा पाजला असता आणि दोनदा विचार करायला लावला असता. बायांना हे सोसवले नाही. आपल्या माघारी मुलांचे काय, ही त्यांची धास्ती रास्त होती. त्या स्वतः निराधारपण भोगून आल्या होत्या. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात हा राग आणि तरीही त्या माणसाबद्दलचा अभिमान दोन्ही आहे. वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ हे नाटक या दांपत्यावरूनच सुचलेले. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांचे ते काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना घरातली ही ओढाताण वेगळी सांगायला नको. अण्णा त्यागी होते हे खरे, पण त्या त्यागावर सही दोघांची नव्हती, हेही खरे.

१९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. नोकरी २३ वर्षांची आणि निवृत्ती तब्बल ४८ वर्षांची! पेन्शन बेताचे. बँकेतल्या आम्हा लोकांना पेन्शन लागू झाले ते १९९० नंतरच्या दशकात, त्याआधी प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हातात घेऊन घरी जायचे. आणि २०१० नंतर लागलेल्या मुलांना आमच्यासारखे पेन्शन नाहीच. अण्णांच्या काळी महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळणे हे फार थोड्यांचे भाग्य होते. इतरांचा विमा म्हणजे मुलगे. ते जगले तर, आणि विचारतील तर.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. त्याची कहाणी सर्वांना माहीत आहे म्हणून मी पुढे जातो.

वयाच्या ७१ व्या वर्षी, १९२९ साली, हे गृहस्थ जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. परत येऊन वर्ष पुरे होत नाही तोच आफ्रिकेला निघाले आणि तिथे वर्षाहून जास्त काळ फिरून विद्यापीठासाठी पैसे जमवले. मुलगा शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत स्थायिक झालेला होता. म्हणजे मूल परदेशी असण्याचा अनुभव या घराला शंभर वर्षांपूर्वीच आला होता. थोरला रघुनाथ मुंबईत. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गमावलेला आणि कोर्टकचेऱ्यांत अडकलेला. दिनकर फर्ग्युसनमध्ये, त्याची पत्नी म्हणजे आपल्या इरावतीबाई. धाकटा भास्कर आणि सून कावेरी यांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. चार मुलांपैकी एक जवळ, बाकीचे आपापल्या कामात. आजच्या घरांचा नकाशा याहून फार वेगळा नाही.

अण्णा मात्र कोणाची वाट बघत ओसरीवर बसले नाहीत. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढले, त्याला आपल्या पेन्शनमधून दरमहा रक्कम दिली आणि पुण्यात घरोघर फिरून लहान लहान वर्गण्या जमवल्या. १९४४ साली समता संघ काढला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. ज्येष्ठांनी आराम करावा, हे आपण प्रेमाने म्हणतो. पण आराम सगळ्यांना मानवतोच असे नाही. घरातल्या म्हाताऱ्याच्या हातातून बाजाराची पिशवीसुद्धा काढून घेणाऱ्या मुलांनी ही सालावारी एकदा बघावी.

दीर्घायुष्याची दुसरी बाजूही त्यांच्या वाट्याला आली. नोव्हेंबर १९५० मध्ये बाया गेल्या. १९५३ साली मुलगा रघुनाथ गेला. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचे जाणे पाहिले. रघुनाथांना मूलबाळ नव्हते आणि पत्नी मालतीबाई आधीच वारल्या होत्या.

१९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभरावे वर्ष पूर्ण होताना, भारतरत्न मिळाले. मुंबईला ब्रेबोर्न स्टेडियमवर मोठा सत्कार झाला, पंडित नेहरू आले होते. मुरूडहून बहिष्कृत झालेल्या माणसाच्या नावाने पुढे मुंबईतल्या क्वीन्स रोडचे नाव बदलले गेले.

त्यांच्या हयातीत कायदाही थोडा पुढे सरकला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांच्या पोटगीची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यापर्यंत पोचायला आपल्याला आणखी ५१ वर्षे लागली. त्या कायद्यातले न्यायाधिकरण प्रांत कार्यालयात असते आणि तिथे वकील लागत नाही. आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असते आणि माहीत असले तरी मुलाविरुद्ध अर्ज करायला हात उचलत नाही.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांचे निधन झाले. हिंगण्याला त्यांची जुनी झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. पुण्याला मुलांकडे गेलात तर कर्वेनगरात उतरून ती जरूर बघा. आत बघण्यासारखे सामान फारसे नाही.