ताम्रपटावरचा सूर्यराजा

आपल्याकडे राणीछाप रुपया कनवटीला लावणाऱ्या बहुतेकांनी राणीला कधी पाहिले नव्हते; चेहरा मात्र ओळखीचा होता. राजसत्ता घराघरांत शिरते ती अशी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे चरित्र वाचताना मला हेच प्रकर्षाने जाणवते.

लुईचा जन्म १६३८ चा. १६४३ मध्ये, वयाची पाच वर्षेही पुरी झाली नसताना, तो गादीवर आला. १६४८ मध्ये बंड उसळले आणि पुढल्याच जानेवारीत या बालराजाला आईबरोबर रातोरात पॅरिस सोडावे लागले. हे भय त्याच्या मनातून कधीच गेले नसावे. १६६१ मध्ये मुख्यमंत्री माझारँ वारला, तेव्हा नवा मुख्यमंत्री न नेमता लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतला.

आता राजा प्रजेला दिसायला हवा होता. ते काम रॉबेर नांतेय या कलावंताने केले. १६५८ पासून तो राजाचा नियुक्त चित्रकार व उत्कीर्णक होता. राजाला समोर बसवून तो रेखाटन करी. मग पोलादी कोरणीने तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरी. रेषांत शाई भरून त्यावर ओलसर कागद दाबला, की राजा कागदावर उतरे. एकदा नव्हे, शेकडो वेळा.

या चित्रांत सिंहासन नाही, दरबार नाही. लंबवर्तुळाकार चौकट, तिच्यावर राजाची बिरुदे, अंगात चिलखत, गळ्याशी लेस आणि पाहणाऱ्यावर रोखलेली शांत नजर. १६४७ मध्ये लुईला देवी आल्या होत्या. त्यांचे व्रण मला या चेहऱ्यावर दिसले नाहीत. माणूस गाळून राजा तेवढा ठेवलेला आहे. सत्तेला ओरडावे लागत नाही, हेच ती नजर सांगते.

पण तांबे कोणा एकाचे नसते. १६७२ मध्ये लुईने हॉलंडवर स्वारी केली, तेव्हा रोमेन द होखे या डच कलावंताने फ्रेंच सैन्याचे अत्याचार ताम्रपटावरच कोरून लोकांपुढे मांडले. पुढे त्याने खुद्द लुईचीही टर उडवली. पॅरिसचा हुकूम तिथवर पोहोचत नव्हता.

१६८२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला. १७०९ च्या भीषण थंडीत व दुष्काळात असंख्य माणसे मेली. १ सप्टेंबर १७१५ रोजी, बहात्तर वर्षे राज्य करून, लुई वारला. मागे राहिले कर्ज. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नांतेयची चित्रे जरूर पाहावीत. मात्र त्यांच्या शेजारी द होखेचीही ठेवावीत, असे मला वाटते.