खाडीचे पाणी आणि डॉ. पणिक्कर

धाराशिव जिल्ह्यातील कळंब गावाशेजारून मांजरा नदी वाहते. समुद्र तेथून शेकडो मैल दूर आहे. परंतु धरणांनी अडवून जे पाणी उरते, ते कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. नदीचे गोडे पाणी आणि सागराचे खारे पाणी जेथे एकत्र येतात, तेथील पाणी मचूळ असते. भरतीच्या वेळी ते खारट होते, ओहोटीला पुन्हा निवळते आणि पावसाळ्यात तर जवळजवळ गोडेच होऊन जाते. असल्या चंचल पाण्यात प्राणी जगतात तरी कसे? या प्रश्नाच्या मागे ज्यांनी आपले तारुण्य वेचले, ते भारतीय सागरविज्ञानाचे एक आद्य प्रवर्तक म्हणजे डॉ. एन. केशव पणिक्कर होत.

त्यांचा जन्म १९१३ साली केरळात झाला. त्या प्रदेशात समुद्राला समांतर अशी खाजणे व कायले पसरलेली आहेत. पावसाळ्यात तेथील शेतांत भात पिकतो आणि कापणीनंतर त्याच शेतांत खाडीचे पाणी घेऊन कोळंबी वाढवितात. शेतकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या हे करीत आल्या होत्या. मात्र विज्ञानाच्या दृष्टीने त्याकडे पाहणारे थोडेच होते. तरुण पणिक्करांनी मलबार किनाऱ्यावरील कोळंबीच्या या धंद्याची पाहणी केली. त्यांचा निबंध १९३७ साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

पुढे ते इंग्लंडला गेले व प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांनी कोळंबीचाच अभ्यास चालू ठेवला. त्यांच्यापुढील कोडे समजण्यास आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की त्यांना पाणी सुटते. उलट मनुका पाण्यात भिजत घातल्या, की त्या फुगतात. पातळ पडद्यातून पाणी नेहमी अधिक क्षार असलेल्या बाजूकडे ओढले जाते. मग खाडीतील प्राणी भरतीला सुकून का जात नाही आणि ओहोटीला फुगून फुटत का नाही?

पणिक्करांनी निरनिराळ्या क्षारतेच्या पाण्यात कोळंब्या ठेवून त्यांच्या रक्ताची परीक्षा केली. बाहेरचे पाणी पुष्कळ बदलले, तरी रक्तातील क्षारांचे प्रमाण फार थोडे बदलते, असे त्यांना आढळले. समुद्राच्या पाण्यात कोळंबीचे रक्त त्या पाण्याहून कमी खारट राहते आणि मचूळ पाण्यात त्याहून अधिक खारट राहते. जणू तिच्या देहात एक दक्ष पहारेकरीच बसलेला असतो! त्यांचे दुसरे अनुमान तर अधिकच मोलाचे होते. पाणी उबदार असेल, तर असे प्राणी कमी खारे पाणी अधिक सहजतेने सोसतात. म्हणूनच उष्ण प्रदेशांतील खाड्यांत व नद्यांत मूळच्या सागरी प्राण्यांचा शिरकाव अधिक झालेला दिसतो. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ साली, या संशोधनावरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

मायदेशी परतल्यावर ते मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. भारतातील बहुतेक मोलाची कोळंबी जन्मते समुद्रात, वाढते खाडीत आणि अंडी घालण्यास परत समुद्रात जाते. तेव्हा खाडी बुजविली, तर समुद्रातील जाळीही रिकामी राहतात, हे उघड आहे. हे आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

त्यांच्या आयुष्यातील मोठी कसोटी १९६२ साली आली. हिंदी महासागर हा त्या काळी जगातील सर्वांत कमी अभ्यासलेल्या महासागरांपैकी एक होता. त्याच्या उत्तरेस जमीन असल्याने वर्षातून दोनदा मोसमी वारे उलटतात व त्यांबरोबर सागरप्रवाहही दिशा बदलतात. असा चमत्कार इतक्या मोठ्या प्रमाणावर अन्यत्र नाही. त्याच्या शोधासाठी अनेक राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय मोहीम काढली. ती १९६५ पर्यंत चालली व तीत चाळीस जहाजांनी भाग घेतला. भारताच्या कार्यक्रमाची धुरा पणिक्करांकडे आली. हाताशी जहाजे मोजकीच होती: नौदलाचे ‘कृष्णा’ व मत्स्यसंशोधनाचे ‘वरुण’ ही त्यांपैकी प्रमुख.

यापूर्वी आपल्या समुद्रांतून गोळा केलेले नमुने बहुधा परदेशी संग्रहालयांत जात. १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेतील संग्रहही लंडनला गेला होता. या खेपेस मात्र निराळे घडले. दोनशे मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत एकाच नमुन्याचे जाळे ओढावयाचे, असे ठरले आणि निरनिराळ्या राष्ट्रांच्या जहाजांनी आणलेले प्राणिप्लवक कोचीनच्या नव्या जीवविज्ञान केंद्रात येऊ लागले. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे बारीक जीव. मासे व देवमासेसुद्धा अखेर त्यांच्यावरच पोसले जातात. सुमारे दोन हजार बरण्यांतील हे जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेगळे करणे, हे अतिशय कंटाळवाणे काम होते. ते येथील तरुण संशोधकांनी पार पाडले. जहाजावरील साहसाची वर्णने लोक आवडीने वाचतात. या बरण्यांपुढे बसून काढलेल्या वर्षांचे वर्णन कोणी करीत नाही.

मोहीम संपताच तिच्यातून तयार झालेली माणसे विखुरली जाण्याचा धोका होता. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले, त्यामुळे तो टळला. संस्थेचे मुख्य ठाणे पुढे गोव्यात आले. मांडवी व जुवारी या दोन नद्यांच्या मुखांमध्ये दोनापावला येथे ती आज उभी आहे. खाडीच्या अभ्यासकाला याहून उचित जागा कोणती मिळणार! मुंबईत आणि कोचीनमध्येही तिची केंद्रे झाली.

समुद्रविज्ञान संस्थेला स्वतःचे महासागरगामी जहाज मात्र त्यांच्या कारकिर्दीत लाभले नाही. ‘गवेषणी’ हे संशोधन-जहाज १९७६ साली संस्थेकडे आले, तेव्हा ते पदावर नव्हते. पुढच्याच वर्षी, १९७७ साली, त्यांचे निधन झाले. मोहिमेतील प्राणिप्लवकांचा संग्रह कोचीच्या केंद्रात जतन करून ठेवलेला आहे.