डॉक्टर रखमाबाई

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर भर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. पायाचे चिरे शिसे ओतून पक्के केले, असे सांगतात. किल्ल्याचे तट आणि बुरूज सर्वांच्या दृष्टीस पडतात. पाया मात्र कोणी पाहत नाही. तरीही साडेतीनशे वर्षे लाटांचा मारा सोसून तट उभा आहे, तो त्या न दिसणाऱ्या पायाच्या बळावर. माणसाच्या कर्तृत्वाचेही असेच असते. सिंधुदुर्गाचा पाया घातला गेल्यानंतर दोनशे वर्षांनी जन्मलेल्या रखमाबाईंचे चरित्र याची साक्ष देते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्या अगदी लहान असतानाच त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग हे निवर्तले. त्यांच्या आईने, जयंतीबाईंनी, काही वर्षांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करीत आणि वनस्पतींचे मोठे जाणकार होते. अशा विद्याव्यासंगी गृहस्थाच्या घरी रखमाबाई वाढल्या.

त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. विवाहानंतरही त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. शाळेचे शिक्षण थांबले होते; परंतु वाचनाची गोडी सुटली नव्हती. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचीत आणि इंग्रजी शिकत. ज्या वयात इतर मुली संसाराला लागत, त्या वयात ही मुलगी पुस्तकांतून आपली वाट शोधीत होती.

१८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पत्नीने आपल्या घरी येऊन राहावे, अशी त्यांची मागणी होती. आपली संमती नसताना, अजाण वयात झालेला विवाह आपणांवर बंधनकारक नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. दादाजींनी त्यावर अपील केले आणि खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला. रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा तो निकाल होता. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. या खटल्याची चर्चा हिंदुस्थानात तर झालीच, पण इंग्लंडातही झाली. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि रखमाबाईंचा तुरुंगवास टळला.

आता पुढे काय करावे, असा प्रश्न उभा राहिला. याच सुमारास महाराष्ट्रावर एक दुःखद आघात झाला होता. अमेरिकेत १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे फेब्रुवारी १८८७ मध्ये निधन झाले. रुग्णसेवेला प्रारंभ करण्यापूर्वीच त्या गेल्या. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोचणाऱ्या अगणित स्त्रिया औषधावाचून मरत होत्या. रखमाबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

त्यांना वाट दाखविणाऱ्या बाई त्याच वाटेने आलेल्या होत्या. त्यांचे नाव डॉक्टर ईडिथ पीची. मुंबईच्या कामा रुग्णालयात त्या प्रमुख होत्या. एडिंबरो विद्यापीठात १८६९ साली वैद्यक शिकावयास गेलेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांचा समावेश होता. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदवी नाकारली. पीची खचल्या नाहीत. त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पदवी मिळविली. परंतु परदेशची पदवी असली तरी ब्रिटनमध्ये व्यवसायाचा परवाना मिळत नसे. म्हणून १८७७ साली त्यांनी डब्लिन येथे परवान्याची परीक्षा दिली आणि त्यांत त्या उत्तीर्ण झाल्या. पदवी आणि परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे ईव्हा मॅक्लॅरेन आणि त्यांचे पती यांनी त्यांना आधार दिला. लंडनमध्ये स्त्रियांसाठी १८७४ साली स्थापन झालेले वैद्यकीय विद्यालय होते. त्यात रखमाबाईंनी नाव घातले. हवा थंड, अन्न निराळे, भाषा परकी. आणि विषय तर त्याहून कठीण. शरीरशास्त्र शिकावयाचे म्हणजे शवविच्छेदन करावयाचे. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या यांची शेकडो लॅटिन नावे मुखोद्गत करावयाची. औषधे, शल्यक्रिया आणि प्रसूती या शास्त्रांचाही अभ्यास करावयाचा. रॉयल फ्री रुग्णालयात रोग्यांच्या खाटांजवळ प्रत्यक्ष शिक्षण मिळे.

हे विद्यालय शिक्षण देई, पण परवाना देण्याचा अधिकार त्याला नव्हता. इंग्लंडातील वैद्यांच्या व शल्यवैद्यांच्या प्रमुख संस्थांनी आपल्या परीक्षेची दारे स्त्रियांना बंद ठेवली होती. ती विसाव्या शतकात, १९०९ च्या सुमारास उघडली. स्कॉटलंडमध्ये मात्र एडिंबरो आणि ग्लासगो येथील संस्थांची संयुक्त परीक्षा १८८६ पासून स्त्रियांना देता येई. म्हणून रखमाबाईंनी ती परीक्षा देण्याचे ठरविले.

ही परीक्षा नुसत्या पाठांतरावर उत्तीर्ण होण्यासारखी नव्हती. लेखी उत्तरे झाली की तोंडी प्रश्न होत. त्यानंतर खरी कसोटी लागे ती रोग्याच्या खाटेपाशी. रोगी अनोळखी, वेळ मोजका आणि परीक्षक शेजारी उभे. रोग्याला काय होते ते विचारावयाचे, नाडी पाहावयाची, छातीचे ठोके ऐकावयाचे, पोट चाचपावयाचे. आणि मग रोग कोणता व उपाय काय, हे सकारण सांगावयाचे. घाई केली तर एखादे लक्षण नजरेतून निसटते. प्रश्न नीट विचारला नाही तर रोगी मोकळेपणाने बोलत नाही. ज्ञान डोक्यात असून भागत नाही; ते हातांत, कानांत आणि जिभेवरही असावे लागते. हे बळ एका रात्रीत येत नाही. रोज रुग्णालयात जावे, पाहावे, चुकावे आणि पुन्हा पाहावे, तेव्हा ते येते. आजही परदेशात वैद्यक शिकून भारतात परतणाऱ्यांना सामान्यतः येथील परीक्षा द्यावी लागते, ती याच कारणासाठी. रोग्याचे प्राण ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याची पारख आधी करावीच लागते.

१८९४ साली, पाच वर्षांच्या अभ्यासानंतर, रखमाबाई या कसोटीला उतरल्या. ज्या एडिंबरोच्या विद्यापीठाने एकेकाळी पीचींना पदवी नाकारली होती, त्याच शहरातील वैद्यसंस्थांनी पीचींच्या या हिंदी शिष्येला डॉक्टर म्हणून मान्यता दिली. बेल्जममधील ब्रुसेल्स येथे त्यांनी एम. डी. ही पदवीही संपादन केली. ज्या स्त्रीला न्यायालयाने तुरुंगाची वाट दाखविली होती, ती सात वर्षांनी डॉक्टर झाली.

हिंदुस्थानात परतल्यावर रखमाबाई सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. स्त्रिया रुग्णालयात येण्यास भीत. घरीच अडाणी सुइणीच्या हातून बाळंतपण करून घेत आणि पुष्कळदा प्राणास मुकत. रखमाबाईंनी त्यांना धीर दिला आणि हळूहळू त्यांचा विश्वास संपादन केला. प्लेगच्या साथीतही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. पुढे १९१८ साली त्या राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयात प्रमुख झाल्या. सुमारे पस्तीस वर्षे सेवा करून त्या निवृत्त झाल्या आणि मुंबईस येऊन राहिल्या. निवृत्तीनंतरही त्यांचे मन स्वस्थ बसले नाही. १९२९ साली पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी पुस्तिका प्रसिद्ध केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

रखमाबाईंचे नाव घेतले की लोकांना त्यांचा खटला आठवतो. तो खटला महत्त्वाचा होताच. त्यातून बालविवाहाविषयी देशभर विचारमंथन झाले आणि १८९१ साली मुलींच्या संमतिवयाचा कायदा झाला. परंतु न्यायालयात दिसलेले धैर्य हा जर किल्ल्याचा तट, तर लंडनच्या थंडीत, रोग्यांच्या खाटांपाशी, कोणी पाहत नसताना त्यांनी केलेली पाच वर्षांची तयारी हा त्याचा पाया होय. सुरत आणि राजकोट येथील ज्या असंख्य माता त्यांच्या हातून सुखरूप घरी परतल्या, त्यांना त्या खटल्याची माहिती असो वा नसो. त्यांचा जीव वाचला तो या पायामुळे.